चंद्रकलांचा पाठ: पाटणचा मठ व सिहोरची पाठशाळा

खानदेशांत चाळीसगांवच्या नैर्ऋत्येस, पितळखोऱ्याच्या लेण्यांपासून जवळच, पाटण हें जुनें ठिकाण आहे. तेथील देवीच्या देवळांतील शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनीं इ. स. १८६५ मध्यें विद्वानांच्या नजरेस आणिला. पुढें कीलहॉर्न यांनीं तो एपिग्राफिया इंडिकाच्या पहिल्या खंडांत संपादिला. भास्कराचार्यांचा नातू चंगदेव हा यादव सिंघणाचा मुख्य ज्योतिषी होता. आपल्या आज्याचे सिद्धांतशिरोमणिप्रमुख ग्रंथ पढविले जावेत म्हणून त्यानें येथें मठ स्थापिला, आणि त्या मठास निकुंभवंशीय सोइदेवानें दान दिलें, असें या लेखावरून समजतें. लेखाचा शेवटचा भाग मराठींत असल्यामुळें भाषेच्या अभ्यासकांनीं त्याची पुष्कळ चर्चा केली आहे. पण त्या मठांत मुलांस नेमकें काय सांगत असतील, हा प्रश्न त्या चर्चेंत मागेंच पडला.

दानाचा दिवस लक्षांत घेण्याजोगा आहे. शके ११२८, प्रभव संवत्सर, श्रावणी पौर्णिमा, चंद्रग्रहण. येथें शकांक व संवत्सर यांचा मेळ एका वर्षानें चुकतो. तो संवत्सराप्रमाणें घेतला म्हणजे इ. स. १२०७ च्या ऑगस्टची ९ तारीख येते, आणि त्या दिवशीं ग्रहणही मिळतें. ग्रहणाच्या पर्वकाळीं दान करावें हा लोकाचार, आणि तें दान कोणास, तर ग्रहणाचें कारण भूच्छाया होय असें सांगणाऱ्या ग्रंथाच्या अध्ययनास! दात्यास यांत कांहीं विसंगत वाटलें असेल असें दिसत नाहीं. खुद्द आचार्यांनींही ही गांठ सोडविली नव्हती, नुसती सैल केली होती. ब्रह्मदेवाच्या वरामुळें राहू भूच्छायेंत शिरतो व तेथून चंद्रास झांकतो, असें लिहून त्यांनीं श्रुतिपुराणांचा मान राखिला व गणितही राखिलें. त्यांच्या पूर्वीं लल्लानें विद्यार्थ्यांसाठींच म्हणून लिहिलेल्या शिष्यधीवृद्धिदांत असल्या समजुती सरळ मिथ्याज्ञानांत घातल्या आहेत. त्या ग्रंथावर भास्कराचार्यांचें विवरण आहे. तेव्हां त्यांस लल्लाचें मत ठाऊक नव्हतें असें म्हणतां येत नाहीं.

चंद्रकलांच्या बाबतींत मात्र अशी तडजोड शक्य नव्हती. गोलाध्यायाच्या आरंभीं शिष्यानें विचारावयाचे प्रश्न एकत्र दिले आहेत; चंद्राच्या शुक्लतेच्या क्षयवृद्धीचा प्रश्न त्यांतच येतो. त्याचें उत्तर शृंगोन्नतिवासनेंत आहे. चंद्र हा जलमय गोल असून त्याची सूर्याकडील बाजू उजळते आणि दुसरी बाजू, उन्हांत ठेवलेल्या घागरीच्या मागल्या बाजूसारखी, स्वतःच्याच छायेनें काळी राहते. घागरीचा दृष्टांत आचार्यांचा स्वतःचा नव्हे. तो सहाव्या शतकांत वराहमिहिरानें बृहत्संहितेच्या चंद्रचारांत योजिला आहे. चंद्र जलमय आहे हें म्हणणें आज टिकत नाहीं, पण दृष्टांताचें त्यावांचून कांहीं अडत नाहीं. त्यांतील दोन पदें अध्यापकानें जपून ठेवावीं अशीं आहेत. पहिलें, छाया चंद्राची स्वतःची आहे. पृथ्वीची सांवली पडून चंद्राच्या कला होतात हा समज आजही शाळेंतल्या मुलांच्याच नव्हे, तर त्यांच्या वडिलांच्याही तोंडून ऐकूं येतो. ग्रहणाचें कारण कलांना लाविल्यानें तो उत्पन्न होतो. दुसरें, चंद्र हा सूर्याच्या नित्य खालीं आहे.

हें दुसरें पद वरवर साधें दिसतें, पण पुराणांशीं कलह आहे तो येथेंच. विष्णुपुराणांत सूर्यमंडल भूमीपासून एक लक्ष योजनें व चंद्रमंडल त्याहून आणखी एक लक्ष योजनें वर सांगितलें आहे. हें जर खरें मानिलें तर चंद्राची उजळलेली बाजू सदैव आपल्याकडेच वळलेली राहील. अर्ध्याहून कमी उजेडाचा चंद्र कधींच दिसणार नाहीं. द्वितीयेची कोर नाहीं, आणि अमावास्येचा अंधारही नाहीं. म्हणजे चंद्र खालीं कीं वर, याचा निकाल कोणत्याही मुलास अंगणांत उभें राहून देतां येतो. त्यास यंत्र लागत नाहीं. एक घागर, सकाळचें ऊन आणि घागरीभोंवतीं फिरण्यापुरती जागा असली म्हणजे पुरे.

याच ठिकाणीं आचार्य आणखी एक पाऊल पुढें गेले आहेत. आपल्यास दिसणारें चंद्राचें अर्ध बरोबर निम्मे केव्हां उजळतें? सामान्य ज्योतिषी सांगेल, सूर्यचंद्रांमध्यें ९० अंशांचें अंतर पडलें म्हणजे. भास्कराचार्य सांगतात, ९० नव्हे, पाऊण कमी साडेशहाऐंशी, म्हणजे ८५ अंश ४५ कला. त्यांच्या मतें चंद्र ५१,५६६ योजनांवर व सूर्य ६,८९,३७७ योजनांवर आहे. सूर्य अनंत अंतरावर नसल्यामुळें, काटकोन व्हावयाचा तो चंद्राच्या ठिकाणीं, पाहणाराच्या ठिकाणीं नव्हे. म्हणून पाहणाराजवळील कोन काटकोनाहून सवाचार अंशांनीं कमी भरतो. युक्ति निर्दोष आहे. चूक अंतरांत आहे: सूर्य चंद्राच्या सुमारें तेरापट नव्हे, सुमारें ३९० पट दूर आहे, व त्यामुळें खरा कोन ९० अंशांहून अवघ्या ९ कलांनीं लहान येतो. विद्यार्थ्यास मात्र चुकलेल्या उत्तराची ही बरोबर रीत शिकविण्यासारखी आहे. कारण त्यांत आकाशाची खोली आहे, केवळ पृष्ठभाग नाहीं.

याच्या उलट, पंचांगकर्त्याचें काम पृष्ठभागावरच भागतें. सूर्यसिद्धांतांत शुक्लभाग काढण्याची रीत अशी आहे कीं, सूर्यचंद्रांच्या अंतराच्या अंशांस १५ नीं भागावें. पूर्णबिंब १२ अंगुळांचें धरून येईल तितकीं अंगुळें उजळलेलीं. शुद्ध पंचमीच्या अंतीं अंतर ६० अंश असतें, म्हणून उत्तर ४ अंगुळें. पण गोल उजळतो तो या सरळ प्रमाणानें नव्हे. घागर पाहून गणित केलें तर ३ अंगुळेंच येतात. अष्टमीच्या मध्यावर दोन्ही रीती एक होतात व पौर्णिमेस पुन्हा एक होतात, त्यामुळें मधली तफावत फारशी कोणास जाणवत नाहीं. पंचमीस डोळे उघडे ठेवून पाहणाऱ्यास ती जाणवावयास हरकत नव्हती.

शके १४४२ मध्यें कोंकणांतील नांदगांवच्या गणेश दैवज्ञानें ग्रहलाघव रचिलें आणि ज्याचापांचें ओझें अजिबात काढून टाकलें. हा पुरुष मोठा होता. ग्रंथाच्या सोपेपणास दोष देणें हें कृतघ्नपणाचें होईल, कारण महाराष्ट्रांतील पंचांगें त्याच्याच आधारें पिढ्यान् पिढ्या चालली. परंतु जोशांच्या घरीं मुलगा ग्रहलाघव पाठ करून तयार होऊं लागला, तेव्हां गोल समजून घेण्याची त्यास गरज उरली नाहीं. चंद्राची कोर कोणत्या दिवशीं किती, हें त्यास सांगतां येई. ती कां, हें विचारलें असतां बहुधा पुराणांतलें उत्तर मिळे. पाटणच्या मठाचें उद्दिष्ट आणि नंतरच्या शतकांतील पाठांतर यांत हें अंतर पडलें असें आमचें मत आहे. मठ केव्हां बंद पडला यापेक्षां ही गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते.

तो गोल पुन्हा पाठशाळेंत आला तो भोपाळजवळ सिहोर येथें. तेथील पोलिटिकल एजंट लॅन्सलॉट विल्किन्सन यानें इ. स. १८३४ मध्यें बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत असें प्रतिपादिलें कीं, नवें ज्योतिष या देशांतील मुलांस शिकवावयाचें तर आरंभ सिद्धांतग्रंथांपासून करावा; आपल्याच आचार्यांनीं पृथ्वी गोल म्हटली आहे हें कळलें म्हणजे पुढची पायरी अवघड जात नाहीं. त्याच्या पदरचे सुबाजी बापू यांनीं इ. स. १८३६ त सिद्धांतशिरोमणिप्रकाश हा मराठी ग्रंथ प्रसिद्ध करून पुराण, सिद्धांत व कोपर्निकस यांचीं मतें शेजारीं शेजारीं मांडिलीं. यावर पुण्याच्या यज्ञेश्वर ऊर्फ बाबा जोशी रोडे यांनीं पुराणांच्या बाजूनें लेखणी उचलली. पुराणें व ज्योतिष यांमध्यें विरोध नाहींच, असा त्यांचा पक्ष होता. बाबा जोशी हे स्वतः ज्योतिषाचे अध्यापक होते, अडाणी नव्हते. म्हणूनच हा वाद वाचण्यासारखा आहे. दोन्ही पक्षांस गणित सारखेंच येत होतें. प्रश्न इतकाच होता कीं, पंचमीची कोर दाखवून मुलास कोणतें कारण सांगावयाचें.

सिहोरास इ. स. १८३८ मध्यें एक विद्यार्थी आला. नगर जिल्ह्यांतील गोदातीरच्या टोकें गांवचा, नागपुरास शिकलेला. हेच पुढें काशीच्या संस्कृत पाठशाळेंतील प्रसिद्ध बापूदेव शास्त्री. विल्किन्सन इ. स. १८४१ त वारला. त्यानें केलेलें गोलाध्यायाचें इंग्रजी भाषांतर बापूदेवांनीं तपासून इ. स. १८६१ त कलकत्त्यास प्रसिद्ध केलें. पाटणला ज्या ग्रंथासाठीं दान पडलें तो छापील रूपानें जगापुढें आणण्याचें काम अशा रीतीनें पुन्हा गोदाकांठच्याच माणसाकडे आलें.

आतां पोथ्या जमविणाऱ्या मंडळींस एक विनंति. गोलाध्यायाची प्रत हातीं आली असतां आपल्या याद्यांत ग्रंथनाम, पत्रसंख्या व लेखनशक एवढेंच नोंदविलें जातें. शृंगोन्नतीचें प्रकरण उघडून तेथें परिलेख काढलेला आहे, कीं लेखनिकानें आकृतीपुरती जागा कोरी सोडली आहे, कीं जागाही ठेविलेली नाहीं, हें एका ओळींत लिहावें. समासांत एखादें वर्तुळ, अंगुळांचे आंकडे अथवा मराठींत टिपण असल्यास त्याचीही नोंद व्हावी. ग्रहलाघवाच्या प्रतींस हीच कसोटी लावावी. सुट्या पानांवर काढलेलीं वर्तुळें बाडांत सांपडलीं तर तीं रद्दींत टाकण्यापूर्वीं प्रकाशाकडे धरून पाहावीं. अर्धें काळें केलेलें वर्तुळ हें शाई सांडल्याची खूण असेलच असें नाहीं.