वेतनकपात, उपकर आणि हंगामी मजूर : यवतमाळ जिल्ह्यातील आरोग्यखर्चाच्या तरतुदीचा इतिहास

आजारपणाचा खर्च आजार येण्यापूर्वीच, मजुरी हाती पडण्याच्या अगोदर, बाजूला काढून ठेवावा ही कल्पना औद्योगिक समाजात रुजलेली आहे. शेतकऱ्याचे उत्पन्न सुगीबरोबर येते. कारखान्यातील कामगाराचे दरमहा येते व म्हणूनच त्यातून नियमित कपात करता येते. अमेरिकेत १९७८ च्या महसूल कायद्यानंतर प्राप्तिकर लागण्यापूर्वीच पगाराचा काही भाग औषधोपचारासाठी वेगळा ठेवण्याची पद्धत प्रचारात आली. भारतात वेतनकपातीचे तत्त्व त्याच्या बरेच आधी, सक्तीच्या विम्याच्या रूपाने अवतरले होते. परंतु यवतमाळ जिल्ह्यात त्याची वाटचाल पाहिली असता एक विसंगती दृष्टीस पडते. कापसाचे जिनिंग-प्रेसिंग व कोळशाच्या खाणी हे जिल्ह्याचे दोन प्रमुख उद्योग त्या विम्याच्या कक्षेबाहेर राहिले. आणि त्यांपैकी एकालाच पर्यायी तरतूद लाभली.

प्रा. बी. पी. अदारकर यांनी १९४४ मध्ये सादर केलेल्या अहवालात औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना मांडली होती. ती बारमाही कारखान्यांपुरती मर्यादित होती. तिच्या आधारे १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा संमत झाला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. १९५४ मध्ये ती नागपूर व मुंबई येथे पोहोचली. कामगाराच्या वेतनातून कापलेली वर्गणी व मालकाची वर्गणी एकत्र करून औषधोपचार व आजारपणातील भत्ता द्यावयाचा, असे तिचे स्वरूप होते. १ जुलै २०१९ पासून कामगाराची वर्गणी वेतनाच्या ०.७५ टक्के व मालकाची ३.२५ टक्के ठरविण्यात आली.

कायद्याच्या व्याख्येत मात्र दोन अपवाद होते. खाणकायद्याखाली येणारी खाण 'कारखाना' या संज्ञेत मोडत नव्हती. दुसरा अपवाद हंगामी कारखान्यांचा होता, आणि त्यांच्या यादीत सरकी काढणे व कापसाच्या गाठी बांधणे यांचा स्पष्ट उल्लेख होता. यवतमाळ, वणी, पांढरकवडा, दारव्हा, दिग्रस व पुसद येथील जिनांमध्ये दिवाळीच्या सुमारास येणारे आणि उन्हाळ्यात परत जाणारे मजूर यामुळे वगळले गेले. ज्या पिकावर जिल्ह्याचा व्यापार उभा राहिला, ज्याच्या वाहतुकीसाठी मूर्तिजापूर–यवतमाळ हा अरुंद लोहमार्ग टाकला गेला, त्यावर प्रक्रिया करणाऱ्या मजुराला आजारपणाचा भार स्वतःच वाहावा लागला.

खाणकामगारांची स्थिती निराळी होती. १९४७ च्या कोळसा खाण कामगार कल्याण निधी कायद्यान्वये खाणीतून बाहेर जाणाऱ्या कोळशावर उपकर बसविण्यात आला. निधीची गृहबांधणी व सामान्य कल्याण अशी दोन खाती होती. वैद्यकीय सोयींचा खर्च दुसऱ्या खात्यातून होत असे. येथे भार कामगाराच्या वेतनावर न टाकता मालावर टाकला होता. १९७३ मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफील्ड्स ही कंपनी स्थापन झाली आणि वणी परिसरातील खाणी तिच्या व्यवस्थापनाखाली आल्या. १९८६ मध्ये निधीचा कायदा रद्द होऊन वैद्यकीय जबाबदारी कंपनीकडे राहिली.

प्राप्तिकराच्या सवलतींनी जिनिंगमधील मजुराच्या स्थितीत फरक पडला नाही. १९८६ च्या वित्त कायद्याने आरोग्यविम्याच्या हप्त्यावर वजावट दिली. मालकाकडून मिळणाऱ्या औषधोपचाराच्या परताव्यापैकी वर्षाला १५,००० रुपयांपर्यंतची रक्कम २०१७-१८ या आर्थिक वर्षापर्यंत करमुक्त होती. पुढे तिची जागा प्रमाणित वजावटीने घेतली. ज्याचे उत्पन्न कराच्या मर्यादेपर्यंत पोहोचतच नाही, त्याला करसवलतीचा लाभ कसा होणार?

हंगामी मजुराला वगळण्याचे सामान्यतः दिले जाणारे कारण म्हणजे वर्गणीतील खंड. हे कारण तपासून पाहण्याजोगे आहे. १९४८ च्या कायद्याखालील नियमांत ऑक्टोबर ते मार्च हा वर्गणीचा एक कालखंड होता. त्यात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असल्यास पुढील जुलै ते डिसेंबर या काळात आजारपणाचा भत्ता मिळू शकत असे. जिनिंगचा मुख्य हंगाम बहुतांशी याच सहा महिन्यांत येतो, आणि लाभाचा काळ पावसाळ्यातील तापाच्या साथींशी जुळतो. म्हणजे निदान हिशेबाच्या दृष्टीने मजुराचा समावेश अशक्य नव्हता. त्याला वगळण्यामागे बारमाही गिरणीकामगार हाच कामगाराचा आदर्श नमुना मानण्याची दृष्टी अधिक कारणीभूत दिसते.

पुढे राज्याने तिसरा मार्ग स्वीकारला. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१३ मध्ये राज्यभर लागू झाली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव मिळाले. तिचा खर्च सरकारी तिजोरीतून होतो. तिने रुग्णालयातील ठराविक उपचारांची सोय केली. बुडालेल्या मजुरीची भरपाई मात्र तिच्या कक्षेत येत नाही.

२०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अंमलात आली. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना विम्याचे प्रकरण लागू करताना तिने हंगामी कारखाना वगळला, आणि त्याच्या व्याख्येत सरकी काढणे व गाठी बांधणे ही कामे कायम ठेवली. १९४८ साली ओढलेली रेषा अशा रीतीने नव्या कायद्यातही टिकून राहिली आहे.