पाटील, अण्णासाहेब

(२५ सप्टेंबर १९३३ – २३ मार्च १९८२). माथाडी कामगारांचे पुढारी व विधान परिषदेचे काँग्रेस सदस्य. जन्म मंद्रुळकोळे, ता. पाटण, जि. सातारा. हे गाव वांग नदीच्या खोऱ्यात आहे. डोंगरउतारावरची शेती वर्षभर पुरत नसे. म्हणून पाटण-जावळीचे तरुण मुंबई गाठत. कोणी गिरणीत, कोणी गोदीत, बाकीचे मशीद बंदर, दाणाबंदरच्या घाऊक पेठांत पोती वाहायला. अण्णासाहेब त्यांच्यातलेच.

हमालाची खरी अडचण मजुरीच्या दरापेक्षा वेगळी होती. सकाळी एका व्यापाऱ्याची गाडी, दुपारी दुसऱ्याची, मध्ये मुकादम आणि टोळी. मग मालक कोणाला म्हणायचे? मालक ठरत नाही तोवर भविष्य निर्वाह निधी, बोनस, नुकसानभरपाई सारे कागदावरच. १९६०च्या दशकात अण्णासाहेबांनी महाराष्ट्र राज्य माथाडी, ट्रान्सपोर्ट आणि जनरल कामगार युनियनमार्फत हाच प्रश्न लावून धरला. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला.

या कायद्याने मालक शोधण्याची भानगडच ठेवली नाही. कामगार, व्यापारी आणि शासन यांच्या प्रतिनिधींचे मंडळ नेमले. टोळी आणि पेढी दोघांची नोंदणी तिथेच. व्यापाऱ्याने मजुरी व तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने ती कामगाराला द्यायची. लेव्हीतून निधी, रजा, बोनस, दवाखाना. किराणा, लोखंड, कापड अशा बाजारांची मंडळे पुढे वेगवेगळी झाली. १९८१चा खासगी सुरक्षा रक्षक कायदा याच साच्यावर बेतलेला आहे. श्रेय मात्र एकट्याचे नव्हे. पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत आधीपासून लढत होती.



अखेरच्या काळात ते मराठा समाजाच्या प्रश्नाकडे वळले. २२ मार्च १९८२ रोजी त्यांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. आर्थिक निकषावर आरक्षण ही त्यातली प्रमुख मागणी. मागणी मान्य झाली नाही. दुसऱ्या दिवशी अण्णासाहेबांनी आत्महत्या केली. पुढच्या आरक्षण आंदोलनांनी त्यांना पहिला हुतात्मा मानले, आणि त्या प्रतिमेमागे कायद्यासाठी झगडणारा संघटक झाकला गेला. प्रस्तुत नोंदीच्या मते त्यांचे मोठे काम १९६९चेच.

त्यांच्या नावाचे आर्थिक मागास विकास महामंडळ १९९८ साली स्थापन झाले. मराठा तरुणांच्या व्यवसायकर्जावरील व्याजाचा परतावा ते देते. २५ सप्टेंबरला नवी मुंबईत माथाडी मेळावा भरतो. त्याला सहसा मुख्यमंत्री हजर असतात, मग पक्ष कोणताही असो.

पुत्र नरेंद्र पाटील विधान परिषदेचे सदस्य होते. २०१९ साली शिवसेनेतर्फे त्यांनी सातारा लोकसभा लढवली. उदयनराजे भोसले यांच्याकडून ते पराभूत झाले.