लोणारचे विवर आणि अण्वस्त्रांचा हिशेब

अण्वस्त्रांची चर्चा दिल्ली, वॉशिंग्टन आणि मॉस्कोच्या नावाने होते. बुलढाणा जिल्ह्याचा तिच्याशी संबंध काय, असा प्रश्न कोणी विचारला तर तो गैर नाही. या जिल्ह्यात अणुभट्टी नाही, क्षेपणास्त्रांचा तळ असल्याचेही कोणाच्या ऐकिवात नाही. तरीही अण्वस्त्रांच्या प्रश्नाची दोन महत्त्वाची मापे येथे हाताशी आहेत: एक लोणारचे विवर, दुसरे मृगाचा पाऊस. या दोहोंच्या आधारे धोक्याचे स्वरूप, त्याचे मूळ आणि निःशस्त्रीकरणाची शक्यता तपासू.

१. स्फोटाचे माप

लोणारचे विवर बेसाल्ट खडकात अशनीच्या आघाताने झाले. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. हा ज्वालामुखीचा खड्डा नव्हे, हे येथील खडकांवरून ठरले. प्रचंड दाबाने स्फटिकाची काच होते, ती मॅस्केलिनाइट येथे सापडल्याचे १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले. आघात-विवरे ओळखण्याचे हे शास्त्र अणुचाचण्यांच्या काळातच वाढले. अमेरिकी भूशास्त्रज्ञ यूजीन शूमेकर यांनी ॲरिझोनातील अशनी-विवराची तुलना नेवाडातील अणुस्फोटांच्या खड्ड्यांशी केली आणि दोन्हींच्या रचनेतले साम्य दाखवले.

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर ‘कॅसल ब्राव्हो’ ही चाचणी केली. तिने पाडलेल्या विवराचा व्यास जवळपास दोन किलोमीटर, म्हणजे लोणारहून थोडा मोठाच. प्रवाळाचा खडक आणि दख्खनचा बेसाल्ट यांत फरक असल्याने रुंदीवरून ऊर्जेची थेट तुलना करता येत नाही. पण अशनीच्या आघाताएवढा खड्डा माणूस पाडू शकतो, एवढे त्यातून सिद्ध होते. हिरोशिमावरचा बॉम्ब सुमारे १५ किलोटनांचा होता, ब्राव्हो १५ मेगाटनांचा, म्हणजे हजारपट. आणि तज्ज्ञांचा अंदाज होता सुमारे सहा मेगाटनांचा. गणित अडीचपट चुकले. किरणोत्सारी राख दूरवरच्या जपानी मासेमारी नौकेवरील २३ जणांवर पडली व त्यातील एकाचा त्याच वर्षी मृत्यू झाला.

२. पावसाचे माप

स्फोट, आग आणि तत्क्षणीचा किरणोत्सार लक्ष्याच्या परिसरात संहार करतात, किरणोत्सारी राख त्यापलीकडेही जाते. दूरच्या जिल्ह्यांवरचा मोठा परिणाम आकाशातून येतो. जळत्या शहरांची काजळी पावसाच्या ढगांच्याही वर पोहोचली, तर ती धुऊन निघत नाही आणि वर्षानुवर्षे सूर्यप्रकाश अडवते. भारत-पाकिस्तान अणुयुद्धाचा विचार करणारा ब्रायन टून व सहकाऱ्यांचा २०१९ चा अभ्यास सांगतो की १ कोटी ६० लाख ते ३ कोटी ६० लाख टन काजळी वर गेल्यास पृथ्वीवर पोहोचणारा सूर्यप्रकाश २० ते ३५ टक्के, तापमान २ ते ५ अंश आणि पाऊस १५ ते ३० टक्के घटेल. किती काजळी तेवढी उंच जाईल याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. त्यामुळे आकडे खालीवर होतील. परिणामाची दिशा मात्र बदलत नाही.

आता हे आकडे मृगाच्या पावसाची वाट पाहणाऱ्या शेतात नेऊन पाहू. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका, हा कृषी विभागाचा दरवर्षीचा सल्ला. जिल्ह्यात घाटावरचे सोयाबीन असो की घाटाखालचा कापूस, बहुतेक शेती कोरडवाहू. एक पाऊस लांबला की दुबार पेरणीचे संकट उभे राहते. तेथे अनेक हंगाम थंड आणि कोरडे गेले, तर जिल्ह्यावर एकही बॉम्ब न पडता कर्ज, चारा आणि धान्य यांची घडी विस्कटेल. जिल्ह्यातील भेंडवळ येथे अक्षय तृतीयेला होणाऱ्या घटमांडणीवरून पाऊसपाण्याबरोबर देशाच्या संरक्षणाचेही भाकीत केले जाते. भाकितावर विश्वास ठेवा वा ठेवू नका, हे दोन प्रश्न एकत्र विचारण्यात शहाणपण आहे.

३. धोक्याचे मूळ

१९८६ च्या सुमारास जगात ७० हजारांवर अण्वस्त्रे होती. आज ती सुमारे १२ हजार आहेत. संख्या घटली, पण धोका त्या प्रमाणात घटला नाही, कारण तो तीन गोष्टींवर ठरतो: निर्णयाला मिळणारा वेळ, चुकीची शक्यता आणि परस्परांतील संवाद. भारत व पाकिस्तान यांच्याकडे प्रत्येकी पावणेदोनशेच्या आसपास अस्त्रे आहेत आणि क्षेपणास्त्राचा प्रवास काही मिनिटांचा. ९ मार्च २०२२ रोजी भारताचे एक क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडले. त्यात स्फोटके नव्हती आणि दोन्ही देश शांत होते, म्हणून प्रकरण निभावले. मे २०२५ मधील भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांत असेच घडले असते तर तेवढा संयम राहिला असता, याची खात्री देता येत नाही.

४. निःशस्त्रीकरणाचे तीन मार्ग

पहिला मार्ग संपूर्ण बंदीचा. राजीव गांधींनी जून १९८८ मध्ये संयुक्त राष्ट्रांत मांडलेल्या आराखड्यात २०१० पर्यंत टप्प्याटप्प्याने अण्वस्त्रमुक्त जगाचे उद्दिष्ट होते. २०१७ च्या बंदी कराराला १२२ देशांनी पाठिंबा दिला. मात्र भारतासह एकही अण्वस्त्रधारी देश त्यात नाही.

दुसरा मार्ग कपातीचा. अमेरिका व तेव्हाचा सोव्हिएत संघ यांच्यातील १९८७ चा मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा करार २०१९ मध्ये संपला. अमेरिका व रशिया यांच्या तैनात सामरिक अस्त्रांवर प्रत्येकी १,५५० ची मर्यादा घालणाऱ्या ‘न्यू स्टार्ट’ कराराची मुदत ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंतच होती. तरी हा मार्ग अशक्य नव्हे. दक्षिण आफ्रिकेने स्वतः बनवलेले सहा बॉम्ब मोडून १९९१ मध्ये अण्वस्त्रप्रसारबंदी करार स्वीकारला.

तिसरा मार्ग संयमाचा, आणि आज सर्वांत व्यवहार्य तोच. ‘प्रथम वापर नाही’ हे भारताचे धोरण जानेवारी २००३ मध्ये अधिकृतपणे जाहीर झाले. पाकिस्तानने तसे वचन दिलेले नाही. तरीही १९८८ च्या करारानुसार दोन्ही देश १९९२ पासून दर १ जानेवारीला आपल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. कारगिलनंतर आणि मुंबईवरील हल्ल्यानंतरही ही प्रथा टिकली. वैर असतानाही पाळता येतील असे नियम शक्य आहेत, याचा हा पुरावा आहे.

५. निष्कर्ष

संपूर्ण निर्मूलन हे ध्येय सोडण्याचे कारण नाही, पण त्याची वाट पाहत बसणेही परवडणारे नाही. अस्त्रे आणि क्षेपणास्त्रे वेगळी ठेवणे, चाचण्यांची व अपघातांची सूचना तत्काळ देणे, दूरध्वनी संपर्क संघर्षाच्या काळातही चालू ठेवणे आणि ‘प्रथम वापर नाही’ या धोरणावर ठाम राहणे, ही कामे कोणत्याही महाकराराशिवाय होऊ शकतात. पीकविम्याची मागणी करणाऱ्या जिल्ह्याने आपल्या लोकप्रतिनिधींना याविषयीही प्रश्न विचारायला हवेत. अणुयुद्धाने बुडालेल्या हंगामाची भरपाई कोणताही विमा देऊ शकणार नाही.