बहुवर्गी पात्रे व प्रावीण्ये, भूमिकाक्रीडेतील

नियमपुस्तिका, फासे व संभाषण यांच्या साहाय्याने टेबलाभोवती बसून खेळावयाच्या अद्‌भुतरम्य भूमिकाक्रीडांत एकाच पात्रास दोन वा अधिक व्यवसायवर्गांच्या विद्या देण्याची पद्धती. इंग्रजीत तीस ‘मल्टिक्लासिंग’ म्हणतात.

या क्रीडाप्रकाराचा आरंभ गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नसन या अमेरिकन रचनाकारांच्या डंजन्स अँड ड्रॅगन्स (१९७४) या खेळाने झाला. त्यात योद्धा, मांत्रिक व धर्मोपदेशक असे तीन वर्ग होते. वर्गांमुळे श्रमविभागणी होऊन प्रत्येक खेळाडूस सहकाऱ्यांची गरज भासे. एकाच पात्रास सर्व विद्या अवगत झाल्यास हे परस्परावलंबन संपते. एकाच विद्येत ते जखडल्यास कल्पनेस वाव उरत नाही. बहुवर्गी नियमांत हा समतोल साधण्याचे प्रयत्न दिसतात. कोणी काय शिकावे, हे आरंभी मुख्यतः पात्राच्या जन्मावरून ठरे.

मूळ खेळात एल्फ या मानवेतर वंशाच्या पात्रास एका साहसात योद्धा, तर दुसऱ्यात मांत्रिक होता येई. प्लेअर्स हँडबुक (१९७८) या ग्रंथानुसार एकाच वेळी अनेक वर्ग धारण करण्याची मुभा केवळ मानवेतरांना होती. त्यांचे अनुभवगुण वर्गांत समान विभागले जात व बहुतेक वर्गांत त्यांच्या प्रगतीस कमाल मर्यादा असे. मानवास मात्र जुना वर्ग सोडून नवा स्वीकारावा लागे. त्यासाठी जुन्या वर्गाच्या प्रमुख क्षमतेत किमान १५ व नव्याच्या क्षमतेत १७ गुण आवश्यक असत.

प्रावीण्यांचे नियमही याच ग्रंथात आले. आरंभी योद्ध्यास ४, धर्मोपदेशकास २ व मांत्रिकास एकाच शस्त्राचे प्रावीण्य मिळे. अपरिचित शस्त्र वापरल्यास फाशावरील संख्येतून योद्ध्याचे २, तर मांत्रिकाचे ५ गुण वजा होत. ओरिएंटल ॲडव्हेंचर्स (१९८५) या ग्रंथाने शस्त्रेतर प्रावीण्ये आणली. दुसऱ्या आवृत्तीत (१९८९) लोहारकाम, पोहणे, स्वयंपाक इ. प्रावीण्ये ऐच्छिक नियम म्हणून समाविष्ट झाली. आपल्या वर्गाच्या गटाबाहेरील विद्याही अधिक मोल देऊन शिकता येई.

तिसऱ्या आवृत्तीने (२०००) वंशाचे बंधन बव्हंशी दूर केले. प्रत्येक नव्या पातळीवर कोणताही वर्ग निवडता येऊ लागला. तथापि वर्गांच्या पातळ्यांत मोठी तफावत पडल्यास अनुभवगुणांत २० टक्के कपात होई व वंशाच्या ‘पसंतीच्या’ वर्गास तीतून सूट असे. पाचव्या आवृत्तीत (२०१४) वंशाचा निकष उरला नाही. जुन्या व नव्या अशा दोन्ही वर्गांच्या प्रमुख क्षमतांत किमान १३ गुण एवढीच अट राहिली. प्रावीण्याची वाढ एकूण पातळीनुसार २ ते ६ अशी होते. मात्र नव्या वर्गाची सर्व प्रावीण्ये मिळत नाहीत. त्यामुळे निवडीचे स्वातंत्र्य वाढूनही सहकाऱ्यांची गरज टिकून राहिली.