नातवाची गोधडी व पोथीचें बासन

पोथ्यांचा संग्रह करणारे आपण सारे पोथी हातीं येतांच प्रथम तिचें बासन सोडतों आणि बाजूस टाकतों. मग पुष्पिका वाचावयाची, शक पाहावयाचा, लेखकाचें नांव टिपावयाचें. बासनाची नोंद सूचींत क्वचितच येते. हें बासन पुष्कळदां जुन्या लुगड्याचें किंवा पागोट्याचें फाडलेलें असतें. ज्या लुगड्याचा एक तुकडा ग्रंथाभोंवतीं गुंडाळला गेला, त्याचाच दुसरा तुकडा त्याच घरांतील नातवाच्या दुपट्यांत गेला असल्यास नवल नाहीं. पेशवे दप्तर रुमालांत बांधलेलें आहे व त्याची मोजदादहि रुमालांवरूनच होते. कागदाचा इतिहास लिहितांना कापडास वगळून चालत नाहीं, हें त्या एका शब्दावरूनहि कळावें. प्रस्तुत लेखांत गोधडीचा, व विशेषेंकरून आजीनें नातवंडासाठीं शिवलेल्या गोधडीचा, विचार औरंगाबाद प्रांतास धरून करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा प्रांत निवडण्यास कारण आहे. कापड व कागद हे दोन्ही धंदे येथें शेजारीं शेजारीं नांदले. मलिक अंबरानें इ. स. १६१० मध्यें खडकी वसविली; १६५३ मध्यें औरंगजेब दुसऱ्यांदा दक्षिणेचा सुभेदार झाल्यावर तिचें औरंगाबाद झालें, आणि २०२३ पासून सरकारी दप्तरीं छत्रपती संभाजीनगर हें नांव आहे. दक्षिणेस पैठण, तेथील पैठणी सर्वश्रुत. शहरांत हिमरू व मशरू विणले गेले. हिमरूंत सुताच्या पोतावर रेशमाची वेलबुट्टी, तर मशरूंत दर्शनीं रेशीम व अंगाकडे सूत. महंमद तुघलखानें १३२७ मध्यें राजधानी देवगिरीस आणली तेव्हां कारागीर दिल्लीकडून आले, असें परंपरा सांगते. दौलताबाद व खुलताबाद यांच्या दरम्यानच्या कागजीपुऱ्याचे कागदीहि आपलें मूळ तेथेंच नेतात. दौलताबादी कागद आमच्या वाचकांच्या बोटांस ओळखीचा आहे.

येथें एक समजूत तपासली पाहिजे. जुना कागद म्हणजे चिंध्यांचा कागद, असें सरसकट म्हटलें जातें. युरोपांत तें खरें होतें. तेथें जवसाच्या धाग्याच्या वस्त्रांच्या, म्हणजे लिननच्या, चिंध्यांवर कागदाचा धंदा चाले, आणि अठराव्या शतकांत चिंध्यांचा तुटवडा पडून कारखानदार त्रासले. आपल्याकडे कागदी चिंध्या घेत नसे असें नव्हे; परंतु त्याची मुख्य भिस्त सणाच्या जुन्या दोरांवर, गोणपाटावर व जाळ्यांवर असे. अर्थात् घरांतील कापसाच्या जीर्ण वस्त्रास येथें तितकें गिऱ्हाईक नव्हतें. जें विकलें जात नाहीं तें घरांत राहतें, आणि घरांत राहिलेल्या चिंधीचा मार्ग गोधडीकडे जातो. हें आमचें अनुमान आहे. वाचकांनीं तें तसेंच घ्यावें.

आतां शब्दांकडे वळूं. संस्कृतांत कंथा, भर्तृहरीच्या वैराग्यशतकांत ती विरक्ताचें भूषण म्हणून येते, आणि नाथपंथी जोग्याच्या वेषांतहि तिला स्थान आहे. मराठींत गोधडी व वाकळ हे दोन्ही शब्द मोल्सवर्थच्या कोशांत नोंदलेले आहेत. कर्नाटकांत तीच वस्तु कौदी, हिंदींत गुदडी, बंगाल्यांत अद्यापि कांथा. बौद्ध भिक्षूंचें चीवर तुकडे जोडून करावें असा विनयाचा दंडक आहे. मगधांतील शेतांच्या बांधांसारखी त्याची आखणी आनंदानें केली, असें महावग्गांत सांगितलें आहे. अजिंठा, वेरूळ व खुद्द औरंगाबादचीं लेणीं पाहतां, जोडवस्त्राची ओळख या डोंगरांस किती जुनी असेल हें सांगावयास नको. मात्र भिक्षूची चिंधी संसार सोडल्याची खूण, आणि आजीची चिंधी संसार पुढें चालल्याची. एकाच वस्तूस असे दोन परस्परविरुद्ध अर्थ जडलेले फार थोडे आढळतात. गाडगे महाराजांस (१८७६–१९५६) लोक गोधडेबुवा म्हणत. तेथें पहिला अर्थ जिवंत होता.

घरांतील कृति साधी असली तरी तींत शिस्त आहे. एक धड लुगडें जमिनीवर ताणून पसरावयाचें, कोपऱ्यांवर वजन ठेवावयाचें, वर जुन्या धोतरांचे, परकरांचे, सदऱ्यांचे तुकडे असे मांडावयाचे कीं कोठें उंचवटा वा खळगा राहूं नये. मग दुसरें लुगडें झांकून लांब टांक्यांनीं तात्पुरतें टांचावयाचें. पुढें कडेपासून धावदोरा सुरू होतो व चौकोनामागून चौकोन आंत सरकत मध्याशीं येऊन थांबतो. मोठी गोधडी चार-सहा बायकांनीं चारी बाजूंस बसून शिवावी. दुपटें मात्र एकटीचें काम. बाळंतविड्यांत झबलें, टोपरें, कुंची यांबरोबर तें जातें. शेंकडों वेळां धुतलेलें कापड नव्या कापडापेक्षां मऊ, हें त्याचें व्यावहारिक कारण. घरांतल्या वडीलधाऱ्यांनीं वापरलेलें वस्त्र बाळाच्या अंगास लागावें, ही भावनाहि त्यांत आहे. मुलें जगत नसत त्या घरीं मुलाचें नांव चिंधू ठेवीत, म्हणजे दृष्ट लागूं नये. चिंधीस असें रक्षणाचें काम लागलेलें दिसतें.

याच संदर्भांत उत्तर कानडा जिल्ह्यांतील हल्याळ–यल्लापूर भागांतील सिद्दी लोकांच्या गोधड्या पाहण्यासारख्या आहेत. आफ्रिकेंतून आलेल्यांचे हे वंशज. त्यांच्या आज्या नातवंडांसाठीं रंगीत तुकड्यांच्या गोधड्या शिवतात व चारी कोपऱ्यांस घडी घातलेले त्रिकोणी तुकडे लावतात. त्यांस फुलें म्हणतात, आणि फुलांवांचून गोधडी नागडी समजतात. खडकी वसविणारा मलिक अंबरहि हबशीच होता. परंतु तेवढ्यावरून मराठवाड्याच्या गोधडीचा व यांचा संबंध जोडणें हें उतावळेपणाचें होईल.

गोधडीचा काळ ठरविणें हें आमच्या मतें पोथीपेक्षां कठीण आहे. औरंगाबादेंत १८८९ मध्यें सूत काढण्याची व कापड विणण्याची गिरणी निघाली, आणि १९०० मध्यें हैदराबाद–गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग खुला झाला. तेव्हां एखाद्या गोधडींत गिरणीचें कापड आढळल्यास, व तें याच गिरणीचें आहे असें ठरल्यास, ती १८८९ पूर्वींची नव्हे, एवढें म्हणतां येईल. पण वरचा पदर झिजला कीं त्यावर नवें लुगडें घालून जुनी गोधडी तशीच नव्या गोधडीच्या पोटांत जाते. म्हणजे जें दिसतें तें सर्वांत अलीकडचें, आणि जें जुनें तें आंत शिवलेलें. तें पाहावयाचें तर टांके उसवले पाहिजेत, आणि टांके उसवले कीं गोधडी उरत नाहीं. पुस्तकाच्या पुठ्ठ्यांत चिकटविलेले जुने कागद सोडवितांना जो पेंच पडतो तोच हा. गीता खंडेलवाल यांनीं महाराष्ट्रांतील गोधड्यांवर २०१३ मध्यें स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यामुळें निदान बाह्यांगाची साधनें हाताशीं आलीं आहेत.

न उसवतां करतां येण्याजोगें काम थोडें आहे, पण आहे. झिजून फाटलेल्या कडेंतून आंतील थर मोजतां येतात. काठ बहुधा पोतापेक्षां टिकतो, त्याची वीण व रंग टिपतां येतो. दोरा हातसुताचा कीं रिळाचा हें भिंगानें दिसतें. आणि ज्या घरांतून पोथी मिळाली त्याच घरची गोधडी पाहावयास मिळाल्यास, पोथीच्या बासनाचा काठ तीवर धरून पाहावा. पोथीच्या पुष्पिकेंतील शकावरून कापडाचा काळ ठरणार नाहीं, कारण बासन मागाहून बदलतें. परंतु दोन्ही तुकडे एकाच लुगड्याचे निघाले, तर तें बासन त्या घरांतच बांधलें गेलें, पोथीबरोबर बाहेरून आलें नाहीं, असें मानण्यास जागा होते, आणि पोथीच्या मालकीबद्दल पुष्पिका मुकी असतां एवढा पुरावाहि थोडा नव्हे.