शरणपूर ते वेस्टमिन्स्टर : नाशिकच्या मिशन शाळेतील आफ्रिकी मुले

१/ देवळा, कळवण, सटाणा या भागांतून शिक्षणासाठी नाशिकला येणाऱ्यांना शरणपूर रोड परिचित असतो. मात्र ज्या वसाहतीवरून या रस्त्याला नाव मिळाले, तिथे दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी आफ्रिकेतील मुले शिकत होती, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. ती मुले नाशकात कशी आली आणि त्यांचे पुढे काय झाले, त्याचा हा थ्रेड.

२/ एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून अरबस्तान आणि इराणी आखाताकडे गुलामांची वाहतूक चाले. ब्रिटिश आरमार अशी गलबते अडवी. त्यांत लहान मुलेही सापडत. घरी परतण्याचा मार्ग नसलेल्या अनेक मुलांना मुंबईत उतरवले जाई.

३/ चर्च मिशनरी सोसायटीचे काम नाशिकमध्ये १८३२ पासून सुरू होते. १८५० च्या दशकात विल्यम सॉल्टर प्राइस यांनी शहराबाहेर शरणपूर वसवले. धर्मांतरामुळे घरादाराला मुकलेली माणसे, अनाथ मुले आणि पुढे ही आफ्रिकी मुले तिथे एकत्र आली. अक्षरओळखीबरोबरच सुतारकाम व लोहारकाम शिकवले जाई. या आश्रयाला किंमतही होती : नवा धर्म आणि नवे नाव. बहुतेकांची इंग्रजी नावेच तेवढी इतिहासात उरली.

४/ सप्टेंबर १८६५ मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन मुंबईत आला आणि नाशिकलाही येऊन गेला. नाईल नदीच्या उगमाच्या शोधासाठी त्याला सोबती हवे होते. शरणपूरचे नऊ तरुण त्याच्याबरोबर निघाले. जानेवारी १८६६ मध्ये ही मंडळी मुंबईहून झांझिबारला पोहोचली.

५/ हा प्रवास म्हणजे निव्वळ निष्ठेची कहाणी नव्हे. रोगराई, उपासमार आणि पायपीट यांत काही जण वाटेत मरण पावले, काही सोडून गेले. लिव्हिंग्स्टनच्या रोजनिशीत या मुलांविषयी तक्रारी आढळतात. त्यांना लिव्हिंग्स्टनविषयी काय वाटत होते, याची तशी रोजनिशी मात्र नाही. तरीही एडवर्ड गार्डनरसारखे काही जण अखेरपर्यंत टिकले.

६/ १८७२ मध्ये स्टॅनलीने पाठवलेल्या कुमकेत नाशिकचे आणखी काही तरुण होते. त्यांपैकी एक जेकब वेनराइट. १ मे १८७३ रोजी, आजच्या झांबियातील चितांबो या प्रमुखाच्या गावी लिव्हिंग्स्टनचा मृत्यू झाला. सोबत एकही युरोपीय नव्हता. पुढचा निर्णय या आफ्रिकी माणसांनाच घ्यायचा होता.

७/ त्यांनी हृदय एका झाडाखाली पुरले. प्रार्थना जेकबने वाचली, झाडावर अक्षरेही त्यानेच कोरली, आणि मृताच्या सामानाची यादीही त्यानेच लिहून काढली. शरणपूरच्या शाळेत गिरवलेली अक्षरे अशी कामी आली. देह उन्हात वाळवून तो किनाऱ्याकडे न्यायचे ठरले. वाटेत कॅमेरून या इंग्रज अधिकाऱ्याने तिथेच दफन करण्याचा सल्ला दिला. तो त्यांनी मानला नाही. फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयोला पोहोचले.

८/ एक गैरसमज इथे दूर करायला हवा. या प्रवासाचे नेतृत्व करणाऱ्या चुमा आणि सुसी यांना कधी कधी ‘नाशिकची मुले’ म्हटले जाते. चुमा शिकला तो मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत, तर सुसीने मुंबईच्या गोदीत काम केले होते. नाशिकचा जेकब.

९/ १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत अंत्यविधी झाला. शवपेटीच्या मानकऱ्यांमध्ये स्टॅनलीबरोबर जेकबही होता. चुमा आणि सुसी इंग्लंडला पोहोचले ते त्यानंतर.

१०/ त्याच सुमारास प्राइस यांना मोंबासाला धाडण्यात आले. तिथे १८७५ मध्ये मुक्त गुलामांसाठी ‘फ्रेअर टाउन’ वसले. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांचे नाव त्या वसाहतीला मिळाले. शरणपूरची अनेक आफ्रिकी माणसे तिकडे परतली. ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या लोकांनी तिथे शिक्षक आणि कारागीर म्हणून काम केले. नाशिकमध्ये शिकलेले धडे आफ्रिकेतल्या मिशन शाळांमध्ये पोहोचले.

११/ लिव्हिंग्स्टनच्या थडग्यावरील शिळेवर कोरले आहे की, विश्वासू हातांनी त्याला भूमी आणि सागर ओलांडून इथे आणले. त्या हातांची नावे मात्र शिळेवर नाहीत. त्यांपैकी काही हात अक्षर गिरवायला शिकले होते ते नाशिकच्या शरणपुरात.