भटेरीची साथीण आणि कारखान्याचे स्थायी आदेश

हिंदुस्थानात कारखान्यांचा कायदा प्रथम १८८१ साली झाला. तो मुख्यतः बालकामगारांपुरता होता. गिरणीत राबणारी स्त्री कायद्याच्या दृष्टीस पडली ती दहा वर्षांनी. १८९१ च्या दुरुस्तीने तिच्या कामाचे तास अकरावर आणले आणि मधल्या विश्रांतीची सोय केली. मुंबईच्या गिरण्यांतून वायंडिंग आणि रीळिंग या खात्यांत बायकांचा भरणा असे. त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या नायकिणी आणि त्यांच्याही वरचे जॉबर यांच्या हातांत रोजगार देण्याची व काढून घेण्याची सत्ता होती. या सत्तेचा उपयोग केवळ कामापुरताच होत असे, असे मानण्याइतके भाबडे त्या काळीही कोणी नव्हते. तथापि कायद्याच्या पुस्तकात त्याविषयी एक अक्षरही नव्हते.

बाळंतपणाच्या भत्त्याचा प्रश्न ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती विधिमंडळात मांडला. तेथे तो तडीस गेला नाही. मुंबई इलाख्याने मात्र १९२९ साली तसा कायदा केला. आदल्या वर्षी मुंबई कौन्सिलात त्या विधेयकाची बाजू मांडणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना अधिनियमात पाळणाघर आले, स्वतंत्र स्वच्छतागृहे आली आणि रात्रपाळीस स्त्रियांना मज्जावही आला. ही सगळी कलमे हितबुद्धीने लिहिलेली होती यात शंका नाही. पण त्यांची रीत ध्यानात घेण्याजोगी आहे. जेथे धोका दिसला तेथून स्त्रीला बाजूस काढावयाचे, ही ती रीत. ज्याच्यामुळे धोका उत्पन्न होतो त्याला काय सांगावयाचे, हा प्रश्न बहुधा सभ्यपणाच्या पडद्याआड राहिला.

त्या प्रश्नाला वाचा फुटली ती कोणत्याही गिरणीत किंवा कारखान्यात नव्हे. ती फुटली जयपूरपासून सुमारे ५५ किलोमीटरांवरच्या भटेरी नावाच्या खेड्यात.

राजस्थान सरकारने १९८४ साली महिला विकास कार्यक्रम सुरू केला. गावातीलच एखाद्या बाईला ‘साथीण’ म्हणून नेमावयाचे आणि तिच्या तोंडून आरोग्य, शिक्षण, मजुरी, सरकारी योजना या गोष्टी घरोघर पोहोचवावयाच्या, अशी ती योजना होती. साथिणीला मिळे ते मानधन. पगार हा शब्द सरकार कटाक्षाने टाळीत असे, कारण पगार म्हटला की नोकर आला आणि नोकर आला की त्याच्याविषयीची जबाबदारी आली. भटेरीच्या भंवरीदेवी या कुंभार समाजातील, स्वतःचे लग्न बालपणीच झालेल्या. १९८५ साली त्या साथीण झाल्या.

१९९२ च्या अक्षय्य तृतीयेच्या सुमारास सरकारने बालविवाहांविरुद्ध मोहीम काढली. राजस्थानात ही तिथी आखा तीज म्हणून ओळखली जाते, आणि त्या दिवशी कडेवरच्या मुलींचीही लग्ने लागत. गावातील एका गुर्जर कुटुंबात वर्षाचीही न झालेल्या मुलीचे लग्न ठरले होते. ते होऊ नये म्हणून भंवरीदेवींनी घरच्यांची समजूत घातली आणि वरिष्ठांना कळविले. पोलीस आले आणि गेले. लग्न दुसऱ्या दिवशी पहाटे उरकून घेण्यात आले. सरकारची मोहीम कागदावर संपली. साथिणीला मात्र गावातच राहावयाचे होते. तिच्या घरची मडकी कोणी घेईना. पुढे २२ सप्टेंबर १९९२ रोजी शेतात काम करीत असलेल्या पतीला मारहाण करून पाच जणांनी तिच्यावर अत्याचार केल्याची फिर्याद तिने दिली. वैद्यकीय तपासणी होण्यास दोन दिवसांहून अधिक काळ लागला.

डिसेंबर १९९३ मध्ये आरोपींना जामीन नाकारताना राजस्थान उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती तिबरेवाल यांनी हे कृत्य बालविवाह रोखण्याच्या प्रयत्नाचा सूड म्हणून झाल्याचे म्हटले. परंतु १५ नोव्हेंबर १९९५ रोजी जयपूरच्या सत्र न्यायालयाने बलात्काराच्या आरोपातून सर्वांची मुक्तता केली. वडीलधारी माणसे, त्यांतही काका-पुतणे एकत्र, असे कृत्य करतील हे त्या न्यायालयास संभवनीय वाटले नाही.

याच्या आधीच, १९९२ सालीच, जयपूरच्या ‘विशाखा’ या संस्थेने आणि इतर काही महिला संघटनांनी सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले होते. त्यांचा मुद्दा फौजदारी खटल्याहून वेगळा होता. साथिणीला हे भोगावे लागले ते तिने नेमून दिलेले काम केले म्हणून. मग तिला कामावर नेमणाऱ्याचे काही उत्तरदायित्व आहे की नाही? काम करणाऱ्या स्त्रीला सन्मानाने काम करता येत नसेल, तर संविधानाने दिलेला व्यवसायस्वातंत्र्याचा हक्क तिच्यापुरता कोठे उरतो? शेताचा बांध हेही कामाचे ठिकाण असू शकते, हे या मांडणीत गृहीत होते आणि तेच तिचे खरे नावीन्य होय.

सरन्यायाधीश जे. एस. वर्मा, न्या. सुजाता मनोहर आणि न्या. बी. एन. किरपाल यांच्या पीठाने १३ ऑगस्ट १९९७ रोजी निकाल दिला. या प्रकरणात मुंबईचा हातभार मोठा होता. न्या. मनोहर या मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश आणि पुढे पहिल्या महिला मुख्य न्यायाधीश. महान्यायाभिकर्ता अंध्यारुजिना हे महाराष्ट्राचे माजी महाधिवक्ता. संसदेचा कायदा होईपर्यंत न्यायालयाची मार्गदर्शक तत्त्वे कायद्याप्रमाणेच बंधनकारक राहतील, असे पीठाने ठरविले. प्रत्येक ठिकाणी तक्रार समिती असावी, अध्यक्षपदी स्त्री असावी, निम्म्याहून कमी नसतील इतक्या सदस्य स्त्रिया असाव्यात आणि बाहेरचा एक जाणता प्रतिनिधी असावा.

त्यातील एक तरतूद वर्तमानपत्रांतून फारशी चर्चिली गेली नाही. खाजगी मालकांनी ही मनाई १९४६ च्या औद्योगिक रोजगार कायद्याखालील स्थायी आदेशांत घालावी, असे न्यायालयाने सांगितले. स्थायी आदेश म्हणजे कारखान्याच्या फाटकाशी लावलेला तो नियमांचा तक्ता. उशिरा येणे, दारू पिऊन येणे, मालाची चोरी करणे, ही सर्व गैरवर्तने त्यात नोंदलेली असतात. स्त्री सहकाऱ्याचा छळ हा त्या पंक्तीत बसला की कामगाराला त्यासाठी कामावरून काढता येते. दिल्लीच्या तयार कपडे निर्यात परिषदेतील अशा एका बडतर्फीवर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९९ मध्ये शिक्कामोर्तब केले. प्रत्यक्ष स्पर्श झाला नाही, ही सबब त्याने मानली नाही. दुसरीकडे, डिसेंबर २००० मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने कारखान्यांतील रात्रपाळीची बंदी घटनाबाह्य ठरविली. स्त्रीला बाजूस काढण्याची जुनी रीत येथून मागे पडू लागली.

तक्ते मात्र बदलेनात. पुण्याच्या ‘आलोचना’ संस्थेच्या मेधा कोटवाल-लेले यांनी न्यायालयास लिहिलेले पत्र याचिका म्हणून दाखल झाले. १९ ऑक्टोबर २०१२ रोजी, म्हणजे पंधरा वर्षांनी, न्यायालयास पुन्हा सांगावे लागले की ज्या राज्यांनी स्थायी आदेशांचे नियम अद्याप सुधारले नाहीत त्यांनी ते दोन महिन्यांत सुधारावेत. संसदेचा कायदा २०१३ साली झाला आणि ९ डिसेंबर २०१३ पासून अंमलात आला. दहा वा अधिक माणसे काम करतात तेथे अंतर्गत समिती आणि इतरांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती, अशी त्याची रचना आहे. सांगानेरच्या छापखान्यात कापडावर ठसे उमटविणारी किंवा परक्या घरी भांडी घासणारी बाई या दुसऱ्या समितीकडे जाऊ शकते. अर्थात ती समिती कोठे बसते हे तिला ठाऊक असेल तर.

विशाखा निकालपत्रात भंवरीदेवींचे नाव नाही. राजस्थानातील एका खेड्यातील समाजसेविका, एवढाच त्यांचा उल्लेख आहे. त्या घटनेचा फौजदारी खटला स्वतंत्रपणे चालू असल्याने अधिक काही बोलण्याचे कारण नाही, असे न्यायालयाने तेथेच म्हटले. त्या खटल्यातील मुक्ततेविरुद्धचे अपील राजस्थान उच्च न्यायालयात गेले. २००७ सालापर्यंत त्याची एकच सुनावणी झाली होती, आणि तोवर आरोपींपैकी दोघे मरण पावले होते. भंवरीदेवी भटेरीतच राहिल्या आणि साथिणीचे काम करीत राहिल्या.